दहा लाखाव्या अंकाचं काय झालं? सुपरहिरो कॉमिक्सच्या संपादकांना खुलं पत्र

प्रिय संपादक मंडळी,

हे पत्र कुठल्या एका कंपनीला नाही. सुपरहिरो कॉमिक्स छापणाऱ्या, त्यांचे इव्हेंट ठरवणाऱ्या, कव्हरवर कुठला नंबर टाकायचा हे ठरवणाऱ्या सगळ्यांनाच आहे. आणि बाकीच्या वाचकांनीही वाचावं म्हणून उघड्यावर लिहितोय, कारण बंद पाकिटातली पत्रं कुठे जातात ते आता कळायला लागलंय.

निमित्त अगदी साधं आहे. मी पाच वर्षं एकही अंक न चुकवता वाचत असलेली एक मालिका बंद होतेय असं कळलं. प्रकाशकाचं नाव घेत नाही, तो मुद्दाच नाही. दोन महिन्यांनी तीच मालिका, तोच हिरो, जवळपास तीच टीम, पण कव्हरवर पुन्हा ‘नंबर वन’. का, तर एक मोठ्ठा क्रॉसओव्हर (अनेक मालिकांत पसरलेली एकच गोष्ट) येतोय जो खूप लांबच्या भविष्यात घडतो आणि त्यानंतर म्हणे “सगळं बदलणार” आहे. हे वाक्य मी आतापर्यंत इतक्या वेळा वाचलंय की त्यात बदल हा शब्द का आहे हेच कळेनासं झालंय.

लांबच्या भविष्यातला क्रॉसओव्हर म्हटलं की मला एकच आठवतो, आणि तो आठवला म्हणूनच राग जास्त आला.

१९९८ साली डीसीने, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या अमेरिकी कंपनीने, ‘डीसी वन मिलियन’ काढलं. ग्रँट मॉरिसनची कल्पना, मुख्य कथेचे चार अंक, चित्रं वॅल सेमिक्सची. पण खरी गंमत त्या चार अंकांच्या बाहेर होती. त्या महिन्यात डीसीच्या चालू सुपरहिरो मालिकांनी आपापला नेहमीचा नंबर बाजूला ठेवला आणि कव्हरवर थेट १०,००,००० छापलं. सुपरमॅन, बॅटमॅन, स्टारमॅन, हिटमॅन, सगळ्यांचा दहा लाखावा अंक एकाच महिन्यात! पुढच्या महिन्यात सगळे मुकाट्याने आपल्या जुन्या नंबरावर परत. हिशोब असा होता की १९३८ साली सुरू झालेली सुपरमॅनची ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ दर महिन्याला एक अंक अशी न थांबता चालू राहिली तर तिचा दहा लाखावा अंक इसवी सन ८५,२७१ मध्ये निघेल. म्हणजे ८५३वं शतक. म्हणून ही गोष्ट त्याच शतकात घडते. मी कागदावर भागाकार करून बघितलाय, बरोबर येतो.

आता माझा यात काय संबंध ते सांगतो. माझ्या हातात आलेला आयुष्यातला पहिला सुपरहिरो अंक हा त्या दहा लाखाव्या अंकांतलाच एक होता, बॅटमॅनच्या गोतावळ्यातला. एका मित्राने दिला होता, कव्हर अर्धं फाटलेलं. मला काहीच माहीत नव्हतं. प्लूटो हा अख्खा ग्रह तुरुंग आहे आणि तिथे एक बॅटमॅन आहे, ज्याचे आईबाप कैद्यांच्या उठावात मारले गेले, आणि त्याच्या सोबतीला रॉबिन म्हणून एक रोबो आहे. एवढंच कळलं आणि तेवढं पुरलं. आधीचे नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव अंक मी वाचले नव्हते (कुणीच वाचले नव्हते म्हणा) आणि तरी मला कुठे अडलं नाही. उलट त्या आकड्यामुळेच डोकं चक्रावलं, की बाबा हे इतकं लांब चालत आलंय आणि मी आत्ता कुठे आत शिरतोय, म्हणजे अजून किती असेल!

म्हणून तुमचं जे नेहमीचं कारण आहे ना, की मोठा नंबर बघून नवा वाचक घाबरतो, ते माझ्यापुरतं तरी खोटं आहे. मी जगातल्या सगळ्यात मोठ्या नंबरवरून आत आलो. नव्या वाचकाला आकडा घाबरवत नाही, पहिल्या पानावर कोण कुणाचा कोण हे न कळणं घाबरवतं. आणि ते तुमच्या ‘नंबर वन’मध्येही तितकंच असतं, बरेचदा जास्तच.

खरं कारण आपल्या दोघांनाही माहितीये. नंबर वन जास्त खपतो. त्याला आठ-दहा व्हेरियंट कव्हर, म्हणजे एकाच अंकाला वेगवेगळी कव्हरं, लावता येतात. ठीक आहे, धंदा आहे, मी काय तुम्हाला धर्मादाय काम करा म्हणत नाहीये. पण मग मोठ्या आकड्याची मजाही आम्हाला विकू नका ना. दोन्ही बाजूंनी पैसे का?

कारण डीसीमध्ये झालं काय ते बघा. १९९८ मध्ये सांगितलंत की ही मोजणी ८५,२७१ पर्यंत चालणार. आणि २०११ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ ९०४व्या अंकावर थांबवून पुन्हा एकपासून सुरू केलीत. तेरा वर्षं. त्र्याऐंशी हजार वर्षांचं बोललात आणि तेरा वर्षं टिकलं. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चंही तेच, ८८१वर गाडी थांबली आणि पुन्हा एक. मग २०१६ मध्ये लक्षात आलं की अरे हजारावा अंक जवळ आलाय, सोहळा करता येईल, तेव्हा मधले बावन्न अंक जुन्या मोजणीत मिळवून घेतले आणि ‘अ‍ॅक्शन’ ९५७वर आली. मग महिन्याला दोन-दोन अंक काढून २०१८ च्या एप्रिलमध्ये हजार गाठले. मी पण घेतला तो अंक, खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. पण मनात हेच, की म्हणजे नंबर महत्त्वाचा आहे हे तुम्हालाही कळतं, फक्त सोयीचा असेल तेव्हा.

आणि जास्त टोचतं ते यासाठी की त्या ‘वन मिलियन’ची गोष्ट नेमकी याच गोष्टीवर उभी आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा, सगळं फोडणार आहे.

८५३व्या शतकात मूळचा सुपरमॅन सूर्याच्या आत जाऊन बसलाय, हजारो वर्षं झाली. आता तो बाहेर येणार म्हणून सगळ्या सूर्यमालेत उत्सव. त्या काळातली हिरोंची टीम, जस्टिस लीजन, आपल्या काळात येते आणि आपल्याकडच्या टीमला, जस्टिस लीगला, तिकडे खेळांसाठी बोलावते. पण सोबत आलेल्या अवरमॅन नावाच्या अँड्रॉइडमध्ये एक व्हायरस लपवलेला असतो, तो इकडे पसरतो आणि माणसं एकमेकांवर उठतात. हे सगळं सोलारिस नावाच्या एका दुष्ट कृत्रिम सूर्याचं काम, आणि कहर म्हणजे तो व्हायरस कुठेतरी उतरवून घ्यायचा म्हणून विसाव्या शतकातल्या हिरोंना स्वतःच्या हातांनी सोलारिस बांधावा लागतो. आपला शत्रू आपणच जन्माला घालायचा आणि पुढे त्र्याऐंशी हजार वर्षं कुणीतरी निस्तरेल यावर भरवसा ठेवायचा. आणि तो भरवसा खरा ठरतो! मंगळावर पुरलेल्या क्रिप्टोनाइटने (सुपरमॅनला घातक असलेला खडा) सुपरमॅनला मारायचा सोलारिसचा बेत असतो आणि ऐनवेळी कळतं की तिथे क्रिप्टोनाइट नाहीच, ग्रीन लँटर्न या हिरोची अंगठी आहे. कुणीतरी अदलाबदल करून ठेवलीये आणि एवढी युगं कुणी तोंड उघडलेलं नाही. एका काळातल्या माणसांनी टाकलेला डाव दुसऱ्या टोकाच्या माणसांनी पूर्ण केला. ही गोष्ट छापणाऱ्यांना स्वतःची मोजणी तेरा वर्षांपलीकडे सांभाळता आली नाही, आता यावर मी काय बोलू.

आता बाकीच्या तक्रारी. क्रमाने सांगायचा प्रयत्न करतो, पण राग आला की क्रम राहत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

एक म्हणजे गोष्ट विखुरणं. क्रॉसओव्हर म्हणजे अनेक मालिकांत पसरलेली गोष्ट हे कबूल, तोच तर मजेचा भाग. पण मुख्य अंकांत एखादा माणूस एका पानावर जिवंत आणि पुढच्या अंकात त्याचा निकाल लागलेला, मधलं सगळं तिसऱ्याच मालिकेच्या अंकात, ही मजा नाही, ही शोधाशोध आहे. ‘वन मिलियन’ हा माझा लाडका आहे तरी त्यालाही हे लागू आहे. फॅरिस नाइट, त्या काळातला स्टारमॅन, ज्याला घराण्याचा वारसा नकोसा झालाय आणि जो सोलारिसशी हातमिळवणी करतो, त्याचं मन कसं बदलतं हे नुसते चार अंक वाचून धड कळत नाही, ते स्टारमॅनच्या दहा लाखाव्या अंकात आहे. सगळ्यात हळवी जागा आणि ती मुख्य पुस्तकाच्या बाहेर. १९९९ मध्ये जे एकत्रित पुस्तक आलं त्यात चार अंक आणि निवडक काही टाय-इन, म्हणजे बाकीच्या मालिकांतले जोडअंक, होते. सगळं एका जाडजूड ऑम्निबसमध्ये यायला २०१३ उजाडलं. पंधरा वर्षं! तोपर्यंत ज्याला अख्खी गोष्ट हवी त्याने जुने अंक एकेक करून गोळा करायचे. मी केले. त्या नादात गार्थ एनिसच्या ‘हिटमॅन’चा तो अंक मिळाला, ज्यात भविष्यातली पोरं टॉमी मोनॅहनला महान हिरो समजून आणतात आणि येतो हा भाडोत्री मारेकरी, हे सापडल्याचं सुख वेगळंच. पण असं सुख नशिबावर का सोडायचं?

दुसरं, मेलेल्यांचं काय. या कथेत व्हँडल सॅव्हेज हा खलनायक अणुहल्ला करतो आणि माँटेव्हिडिओ हे शहर नष्ट होतं. खरं शहर आहे ते, उरुग्वेची राजधानी, नकाशावर आहे. लाखो माणसं गेली असं दाखवलंत. सॅव्हेजला शिक्षाही फर्मास दिलीत, पळून जायला निघालेला तो नेमका त्याच शहरात, स्फोटाच्या क्षणी जाऊन पोचतो. वा! पण पुढच्या महिन्यात नंबर जुने झाले आणि हिरो पुन्हा आपापल्या गावातल्या गुंडांच्या मागे. एक अख्खं शहर गेलंय याचं ओझं त्या जगाच्या खांद्यावर मला नंतर जाणवलंच नाही. भविष्यातल्या कथेचा हा फायदा तुम्ही घेता, तिकडे काहीही मोडा, इकडे काही भरून द्यावं लागत नाही, पण माँटेव्हिडिओ तर इकडे मोडलं होतं. शहर पाडायचं तर त्याचं सुतक तरी पाळा. नाहीतर पाडू नका, एखादा निर्जन ग्रह पाडा, कोण विचारतंय.

मग ते ‘संभाव्य भविष्य’ प्रकरण. जे आवडलं नाही ते संभाव्य होतं, जे खपलं ते खरं भविष्य. सगळ्यात जास्त हाल लीजन ऑफ सुपर-हिरोजचे केलेत. १९५८ पासूनची टीम, आजपासून हजार वर्षांनी असणारी पोरं, केवढा मोठा गोतावळा. १९९४ मध्ये पुसून पहिल्यापासून, २००४-०५ च्या सुमाराला पुन्हा पहिल्यापासून, मग मधेच जुनी परत, २०१९ मध्ये आणखी एकदा नवी. त्यांचे वाचक आपसात बोलताना आधी “तू कुठल्या लीजनबद्दल बोलतोयस” हे विचारून घेतात. भविष्य हीच एक जागा होती जिथे शांतपणे पुढे जाता आलं असतं, तिथेच सगळ्यात जास्त पुसापुशी.

आणि १९९१ चं ‘आर्मगेडन २००१’ तर विसरणं शक्यच नाही. आताच्या हिरोंपैकी एकजण पुढे मोनार्क नावाचा हुकूमशहा होणार, कोण ते ओळखा, असा खेळ. पत्ता आधीच फुटला की तो कॅप्टन अ‍ॅटम आहे, म्हणून ऐनवेळी बदलून हॉक नावाच्या दुसऱ्याच हिरोला मोनार्क केलंत. ज्या वाचकांनी खुणा वाचून बरोबर ओळखलं असेल ते चूक ठरले! कोडं सोडवणाऱ्याला शिक्षा आणि उत्तरच बदलून टाकायचं, हे कुठल्या शाळेत चालतं? गुपित फुटलं तर फुटू दे हो. शेवट माहीत असूनही आपण गोष्टी वाचतोच की, पुराणं काय शेवट माहीत नाही म्हणून ऐकतो का.

डिजिटलबद्दल फार बोलत नाही, तो वेगळा लांबलचक विषय आहे. एवढंच सांगतो की एका सेवेवर मी पैसे देऊन घेतलेल्या क्रॉसओव्हरच्या यादीतले काही अंक एक दिवस दिसेनासे झाले, विचारलं तर उत्तर आलं ते मशीनने लिहिलेलं. विकत घेतलं असं वाटत होतं, निघालं भाड्याचं. ८५३व्या शतकाच्या गोष्टी सांगता आणि फाइल दहा वर्षं जागेवर राहत नाही.

एक तक्रार माझी नाही, पण माझी समजूनच लिहितो. सुपरमॅनला जन्माला घालणाऱ्या जेरी सिगेल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. अंकांवर त्यांचं नाव कायमचं परत यायला १९७५ साल उजाडलं. बॅटमॅनचा सहनिर्माता बिल फिंगर, त्याचं नाव बॅटमॅनला अधिकृतपणे लागलं २०१५ मध्ये, तो जाऊन चाळीसेक वर्षं झाल्यावर. तुमच्या कथेत सुपरमॅन ८५,२७१ पर्यंत जगतो, छान, जगू दे. पण आज जो टाय-इन काढतोय, रात्री जागून इंक करतोय, रंग भरतोय, अक्षरं टाकतोय, त्याचं नाव एकत्रित पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात असतं, तेही बरेचदा कुणी कुठला अंक केला हे न सांगता, सगळ्यांचा एकच ढीग.

तर आता काय हवंय ते सांगतो, जास्त नाहीये.

मालिका थांबवायची तर थांबवा, पण परत सुरू करताना जुना चालू नंबर कव्हरवर ठेवा, बारीक का होईना. नवा एक मोठा छापा, जुना खाली लिहा, दोन्ही मावतात. काही अंकांवर तुम्ही हे केलेलंही आहे, म्हणजे जमतं.

क्रॉसओव्हर जाहीर कराल त्याच दिवशी वाचायचा क्रम जाहीर करा, आणि कुठले अंक वाचले नाहीत तरी चालेल हे प्रामाणिकपणे सांगा. हो, खप थोडा कमी होईल. पण जे घेतील ते शिव्या न देता घेतील. आणि मुख्य कथेतला माणूस मुख्य कथेतच मरू द्या, निदान त्याचा निर्णय तरी तिथे दाखवा.

वर्षभरात अख्खी गोष्ट एका पुस्तकात आणा. अख्खी म्हणजे अख्खी, निवडक नाही. कागदाचं परवडत नसेल तर आधी डिजिटल आणा, पण मग विकत घेतलेलं काढून घेऊ नका, फाइल आमच्याकडे उतरवून ठेवता येऊ दे. आणि त्या पुस्तकात प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला तो कुणी लिहिला, कुणी काढला, कुणी रंगवला, ते वाचता येईल अशा अक्षरात.

शहर पाडलंत तर पुढच्या वर्षी त्याच तारखेला एक पान. एकच पान. कुणीतरी तिथे उभं असलेलं दाखवा, संवाद नसला तरी चालेल.

आणि वाचकाने ओळखलं म्हणून उत्तर बदलू नका.

यातली एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी कंपनी बुडेल. मी बहिष्कार वगैरे घालत नाहीये, मला जमणारही नाही, नवा नंबर वन मी बहुतेक घेईनच, तुम्हालाही ते ठाऊक आहे आणि तिथेच सगळी गोची आहे. पण या वेळी मी माझ्या अंकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटावर माझ्या हाताने खरा नंबर लिहिणार आहे, जुन्या मोजणीतला. ओळखीतले दोघं-तिघं पण तेच करणार आहेत. कधीतरी हे अंक जुन्या मालात दुसऱ्या कुणाच्या हातात जातील, तेव्हा त्याला कळेल की कुणीतरी मोजत होतं.

आपला,
दहा लाखाव्या अंकापासून सुरुवात केलेला एक वाचक

ता.क. हिशोब पुन्हा करून बघितला. ‘अ‍ॅक्शन’चा हजारावा अंक एप्रिल २०१८ चा. तिथून महिन्याला एकच धरला तर उरलेल्या ९,९९,००० अंकांना ८३,२५० वर्षं लागतात, म्हणजे दहा लाखावा येतो ८५,२६८ मध्ये. ठरलेल्या सालापेक्षा तीन वर्षं आधीच. इतक्या तोडफोडीनंतरही तुम्ही वेळेच्या पुढे आहात, त्यामुळे पुढचा रीबूट, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, करायची तशी काही घाई नाही.